लिंकवरचं नाव

बेळगावच्या टिळकवाडीतल्या ज्या ऑफिसात आमच्या गावची रूपाली वेबसाइट बनवते, तिथं तिच्या एका चिडीवरून सगळे तिला छळतात. कुठल्याही साइटवर ‘इथे क्लिक करा’ असं लिहिलेलं दिसलं की तिचं डोकं फिरतं. इथे म्हणजे कुठे, असं ती समोरच्याला विचारते आणि मग त्याला खुर्चीवर बसवून समजावायला लागते. परक्या गावात उतरल्यावर आपण पाहुण्याचं घर विचारतो. चार जणांनी ज्या नावानं घर दाखवलं ते नाव आधी डोक्यात बसतं, दारावरची पाटी आपण नंतर वाचतो. सर्च इंजिनचंही थोडंफार तसंच असतं, असं तिचं म्हणणं. पान ते वाचतंच, पण त्याच साइटच्या बाकीच्या पानांवरून ज्या लिंका तिकडे जातात, त्या लिंकांवर कुठले शब्द लिहिलेत तेही बघतं आणि पान कशाबद्दल आहे ते ठरवताना धरतं. म्हणून लिंकवर नेमके शब्द हवेत, लोक बोलतात तसे. हे ती इतक्या वेळा सांगते की ऑफिसातली पोरं तिची नक्कल करतात.

तर अशी ही हुशार रूपाली. मारुतीराव पाटलांची थोरली. गावात कुणी विचारलं की मारुतीराव "कॉम्प्युटरात हाय" एवढंच सांगतात आणि असं बघतात की पुढचं विचारायची कुणाची छाती होत नाही. खरं म्हणजे पुढचं त्यांनाही ठाऊक नाही.

आमचं गाव निपाणीहून सदलग्याकडे जाताना लागतं. लक्ष्मीची यात्रा आमच्यात बऱ्याच वर्षांनी भरते, आणि भरणार म्हटलं की गावाला दुसरं काही सुचत नाही. कुणाचा मान कुठला यावरून जी भांडणं होतात ती पुढच्या यात्रेपर्यंत पुरतात. सुतारानं गाडा जोडायचा, गुरवानं पूजा बांधायची, पाटलानं पहिला नारळ वाढवायचा. यात्रेच्या दिवसांत माणसाचं स्वतःचं नाव मागं पडतं आणि घराण्याचं काम पुढं येतं. तराळाचंही काम असे. दवंडी द्यायची, सांगावे पोचवायचे, देवीच्या पुढं शिवेपर्यंत चालायचं, मेलेलं जनावर ओढायचं. हा कसला मान, ही राबणूक. पण आम्ही तिलाही मानच म्हणत आलो आणि म्हणताना आमची जीभ कधी अडखळली नाही.

सत्याप्पांच्या वडिलांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हाच ते काम सोडून दिलं. सत्याप्पा शिकले, बँकेत लागले, मॅनेजर होऊन निवृत्त झाले. शाळेत मास्तरांनी त्यांच्या नावापुढं ‘तराळ’ हेच आडनाव म्हणून लावलं होतं. नोकरी लागल्यावर पहिलं काम त्यांनी केलं ते आडनाव रीतसर बदलून घ्यायचं. ढाले झाले. गावातलं घर बंद करून ते निपाणीला राहायला गेले आणि आमच्याकडे लग्नाकार्यालाही येईनासे झाले. आम्ही म्हणायचो, माणूस मोठा झाला की गाव विसरतो. आम्हाला असं म्हणणं सोयीचं होतं.

त्यांची मुलगी उपासना डॉक्टर झाली. बायकांची डॉक्टर, निपाणीत स्वतःचा दवाखाना. ही मात्र गावाशी बोलून-चालून असायची, आणि रूपालीशी तर जास्तच. रूपाली नोकरीला बेळगावात गेली तेव्हा तिला खोली मिळेना. उपासना तेव्हा तिथंच पुढचं शिकत होती. तिनं आपल्या खोलीत दुसरी गादी घातली आणि खोली मिळेपर्यंत रूपालीला ठेवून घेतलं, सकाळचा डबासुद्धा दोघींचा एकच असायचा. तेव्हापासून रूपाली तिला आक्का म्हणते, आणि ते वरवरचं नाही.

या खेपेला यात्रा ठरली तशी कमिटीला वेबसाइटची हौस आली. कमिटीचे अध्यक्ष मारुतीराव, त्यामुळं काम कुणाच्या गळ्यात पडणार हे उघडच होतं. रूपालीनं रविवारी बसून फुकटात साइट केली. यात्रेची माहिती, देवळाचे फोटो, आणि ‘गावची माणसं’ म्हणून एक विभाग, ज्यात गावाचं नाव काढणाऱ्या एकेकाचं पान. उपासनेनं तिच्या पानासाठी फोटो दिला. आधी सत्याप्पा नको म्हणत होते. तिनंच त्यांची समजूत घातली.

रूपालीनं पान मनापासून केलं. फोटोवरच सुंदर वळणाच्या अक्षरात ‘डॉ. उपासना ढाले’ असं नाव बसवलं. घाईत दोन गोष्टी राहून गेल्या. साइटच्या सगळ्या पानांचं शीर्षक तिनं एकच ठेवलं होतं, गावाचं नाव. आणि डॉक्टरीणबाईंचं नाव होतं ते फक्त चित्रात. मजकुरात कुठंच नव्हतं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिनं त्याला उभा-आडवा घेतला असता.

मग राहिली ती तळपट्टी. प्रत्येक पानाच्या अगदी खाली गावच्या माणसांच्या लिंका द्यायच्या होत्या. लिंकवर शब्द लोकांच्या तोंडचे हवेत हा तिचा ठरलेला मंत्र, म्हणून तिनं घरी फोन लावला आणि गावात कुणाला काय म्हणतात ते वडिलांना विचारलं. मारुतीराव समोर मानकरी उभे असल्यासारखे सांगत गेले. सुताराचा शामू. गुरवाचा समर्थ. तराळाची डॉक्टरीण. मागून जयाबाईंनी, म्हणजे तिच्या आईनं, एकदोन नावं पुरवली. रूपाली ऐकत होती आणि टाइप करत होती. लहानपणापासून कानावर पडलेले शब्द होते, तिचा हात कुठंही थांबला नाही. साइट चालू झाली, कमिटीनं तिला नारळ आणि शाल दिली, गावभर फोनांवर साइट फिरली.

काही आठवडे गेले. एका दुपारी उपासनेकडून रूपालीच्या फोनवर एक चित्र आलं. सोबत एक अक्षर नाही. निपाणीतली स्त्रीरोगतज्ज्ञ शोधल्यावर मोबाइलवर जे निकाल येतात त्यांचा फोटो होता. वरून दुसरा निकाल आमच्या गावच्या साइटचा. त्याचं निळ्या अक्षरातलं मोठं शीर्षक होतं ‘तराळाची डॉक्टरीण’. खाली दवाखान्याची वेळ आणि पत्ता.

रूपालीनं लगेच फोन केला. उपासना हळू बोलत होती, बाहेर पेशंट असावेत. सकाळी एका बाईची सासू आली होती, म्हणाली. काउंटरवर मोबाइल धरून सगळ्यांसमोर विचारत होती की ह्याच का त्या, आणि मग तपासून न घेताच सुनेला घेऊन गेली. तिनं तसं का केलं हे कुणी विचारलं नाही, सांगितलंही नाही. बाकीच्या बायका जमिनीकडे बघत बसल्या.

रूपालीला खरंच धक्का बसला होता. तिनं तिथल्या तिथं पान उघडलं, मजकूर वरपासून खालपर्यंत चाळून शब्द शोधला. मजकुरात तो कुठंच नव्हता. मग ती तावातावानं म्हणाली, "आक्का, मी असलं लिहीन व्हय? पानावर त्यो शब्दच न्हाय. भायेरनं कुणीतरी केलंय."

"तू न्हाय केलंस ते मला ठाऊक हाय," उपासना म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती पान परत बघायला लागली आणि या वेळी नजर पार तळाशी गेली. ‘गावची माणसं’. तिथं निळ्या बारीक अक्षरात ते शब्द होते, आणि त्या एकाच पानावर नव्हे तर साइटच्या प्रत्येक पानावर होते. मघाशी घाईत तिनं फक्त मजकूर चाळला होता, तळपट्टीकडे नजर गेलीच नव्हती. घडलं ते मात्र तिला ओळीनं कळलं. शीर्षकं सगळ्या पानांची सारखीच, म्हणून यंत्रानं ती बाजूला ठेवली. नाव चित्रात, ते त्यानं धरलं नाही. मग या पानाला काय म्हणायचं? सगळ्या साइटनं एकमुखानं ज्या शब्दांनी तिकडे बोट दाखवलं होतं ते त्यानं उचललं आणि निकालाच्या माथ्यावर लिहिलं. ती ऑफिसात रोज शिकवते तसंच झालं होतं.

बाजूच्या टेबलावरच्या मुलानं काय झालं म्हणून विचारलं तर तिनं पडदा ओढावा तसा लॅपटॉप मिटला. तिला स्वतःच्या हाताची किळस आली. वडील बोलले हे खरं, पण वडील तर कमिटीतल्या कुणाशीही तसंच बोलतात. लिहिलं होतं तिनं, शिकलेल्या, बेळगावात राहणाऱ्या, त्या खोलीत आक्काच्या शेजारच्या गादीवर झोपलेल्या रूपालीनं.

तिनं सगळ्या लिंका बदलल्या. शीर्षक नीट केलं, नाव मजकुरात घातलं, सर्च इंजिनला पान नव्यानं बघायची विनंती पाठवली. या कामाला फार वेळ लागला नाही. पण यंत्र आपल्या सवडीनं येतं. तोवर जुनी ओळ तशीच दिसत राहणार होती, आणि ती बायका बघत राहणार होत्या. एवढं करून रूपालीनं उपासनेला फोन करायला हवा होता. तो तिनं केला नाही. उद्या करू म्हणाली. उद्या आली की परवा.

फोन उपासनेचाच आला. आवाजात जरा हुरूप होता. कुणी केलं ते कळलं, म्हणाली. यल्लाप्पा. निपाणीत त्यांचं बोर्ड आणि फ्लेक्स छापायचं दुकान आहे, मूळचे आमच्याच गावचे, दवाखान्याचा बोर्ड आणि नकाशावरची नोंद त्यांनीच करून दिली होती. गावचा माणूस, कॉम्प्युटर येणारा, दवाखान्याची सगळी माहिती जवळ असलेला, दुसरं कोण असणार? ते बिलाच्या कामासाठी आले तेव्हा तिनं त्यांना काउंटरसमोरच उभं करून जाब विचारला. ते शपथा घ्यायला लागले. तिनं परत पायरी चढू नका म्हणून सांगितलं. रूपाली हे सगळं ऐकत होती आणि तिच्या तोंडून फक्त हूं हूं निघत होतं.

"भायेरचं कुणीतरी हाय, असं तूच म्हणालीस म्हणून सुचलं," उपासना म्हणाली. "न्हायतर मी आपली यंत्रालाच बोल लावत बसले असते."

आता या ठिकाणी रूपालीचा मला खरोखर राग येतो. चूक अजाणता झाली, मान्य. पण एक म्हातारा होत आलेला माणूस चार पेशंटांसमोर चोर ठरला आणि ही फोन कानाला लावून गप्प बसली. तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? आक्का तुटली असती. म्हणून तिनं यल्लाप्पांना तुटू दिलं. तिलाही हे कळत होतं. त्या आठवड्यात ऑफिसात एका नव्या मुलानं ‘इथे क्लिक करा’ लिहिलेलं तिच्यासमोरून गेलं तरी तिनं त्याला खुर्चीवर बसवलं नाही.

रविवारी ती गावाला आली. वडिलांना सांगितलं की तळातली नावं बदलली आहेत आणि का बदलली. मारुतीरावांना खरंच समजत नव्हतं. सुताराला सुतार म्हटलं तर त्याला राग येत नाही, म्हणाले. आपण काय शिवी दिली का, उलट आपल्या गावची डॉक्टर म्हणून मायेनंच म्हणतोय. जयाबाई म्हणाल्या की पोरगी गुणाची आहे, तिच्या हातनं धाकटीचं बाळंतपण कसं सुखरूप झालं. मग मारुतीरावांनी विचारलं, "तिला सांगितलंस का, तू लिवलंस म्हणून?"

"न्हाय."

"मग नगं सांगू. नाव बदललंस न्हवं? मिटलं. गावाचं नाव कशाला खराब करायचं."

हे ऐकलं आणि रूपालीला वाटलं की ती गेले काही दिवस नेमकं हेच करत होती, फक्त गावाच्या नावाच्या जागी तिचं स्वतःचं नाव होतं. ती चहा न घेता उठली आणि निपाणीची बस धरली.

रविवारी दवाखाना अर्धा दिवस असतो. बाहेरच्या बाकावर दोघी-तिघी बसल्या होत्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर सत्याप्पा पेपर वाचत होते. त्यांनी तिला ओळखलं, मान हलवली, आत जा म्हणून हातानंच दाखवलं. एरवी ते मारुतीरावांची, पिकाची, बेळगावच्या हवेची चौकशी करत. आज त्यांनी पेपर परत वर धरला.

उपासना तिला बघून हसली. बस म्हणाली. रूपाली बसली नाही. उभ्यानंच तिनं सांगून टाकलं, तळपट्टीचं, वडिलांना लावलेल्या फोनचं, शीर्षकाचं, चित्रातल्या नावाचं. सांगताना यंत्र कसं चालतं हेच ती जास्त सांगायला लागली, तेव्हा उपासनेनं हात वर केला.

"त्यो शब्द कुणी लिवला?"

"म्या."

"आणि यल्लाप्पाण्णांचं सांगितलं तवा तुला ठाऊक होतं?"

"व्हय."

उपासनेनं टेबलावरचा मोबाइल उचलला आणि यल्लाप्पांना लावला. माझं चुकलं, अण्णा, म्हणाली. तुम्ही न्हवता, मी सगळ्यांसमोर बोलले तशीच सगळ्यांसमोर माफी मागीन, उद्या दवाखान्यात या. पलीकडून ते काहीतरी बराच वेळ बोलत राहिले आणि ती ऐकत राहिली. रूपालीनं मोबाइलसाठी हात पुढं केला. तो तिनं दिला नाही.

फोन ठेवून उपासना म्हणाली की तिच्या आप्पांनीही, सत्याप्पांनीही, ते बघितलं आहे. मोबाइल तिच्या हातात परत दिला आणि आंघोळीला गेले, सकाळी एकदा झाली होती तरी. "त्ये फोटो द्यायला नगं म्हणत हुते. मी त्यास्नी सांगितलं, आप्पा, गाव बदललंय. रूपा करायला लागलीया म्हणून सांगितलं."

रूपाली रडायला लागली. आक्का, मनात काही नव्हतं, म्हणाली. सगळ्यांची नावं तशीच घातली होती, शामूचं, समर्थचं, जसं वडील सांगतील तसं, मी विचारच केला नाही. हे ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, कारण तेवढंच एक तिच्या बाजूचं होतं आणि ते खरंही होतं, असं तिला वाटत होतं.

उपासनेनं तिला पाण्याचा पेला दिला. रडणं ओसरेपर्यंत थांबली. मग पेशंटला विचारावं तशा शांत आवाजात तिनं विचारलं, "त्यात तुझं बी पान हाय की. तुझ्या लिंकवर काय लिवलंस?"

रूपालीनं पेला टेबलावर ठेवला. फोनवर वडिलांनी तिचंही नाव सांगितलं होतं, पाटलाची पोरगी. ते तिनं लिहिलं नव्हतं. ऑफिसातलं कुणी साइट उघडून बघेल, हसेल, म्हणून तेवढ्या एका ओळीवर ती थांबली होती. दोनदा खोडून, विचार करून तिनं लिहिलं होतं.

"रूपाली पाटील, वेब डिझायनर," ती म्हणाली.

"का?"

"कुणाची तरी पोरगी म्हणून लोकांनी वळखू नये, म्हणून."

"म्हंजे तुला ठाऊक होतं," उपासना म्हणाली.

रूपालीनं होय म्हणून मान हलवली.

उपासनेनं टेबलावरची घंटा वाजवली. दार उघडून एक पोटुशी बाई आत आली, आणि तिला बसायला जागा हवी म्हणून रूपाली खुर्चीपासून बाजूला झाली.